सात नावांची नदी आणि वीतभर ड्रॅगन

आपल्याकडे नदी जन्माला येते ती कशी, तर कड्याच्या पोटातून कुठेतरी पाझर फुटतो, त्याची बोटाएवढी धार गोमुखातून कुंडात पडते, आणि मग वाटेत ओढेनाले मिळत मिळत ती बाळसं धरते. पण युरोपात आल्प्सच्या रांगा उतरत उतरत दक्षिणेकडे येतात तिथे स्लोव्हेनिया नावाचा एक चिमुकला देश आहे, त्यात राजधानी ल्युब्लियानापासून वीसेक किलोमीटरवर वर्हनिका नावाचं गाव आहे, आणि या गावच्या शिवारात जी नदी जन्मते ती जन्मतःच थोराड. मोचिल्निक म्हणून जागा आहे तिथे आणि शेजारच्या रेतोव्येला जाऊन पाहावं, तर खडकाच्या बेचक्यात हिरवट, गार, खोल पाणी भरलेलं असतं, आणि तिथून थोडं पुढे आलं की नावा चालाव्यात एवढं नदीचं पात्र. ही ल्युब्लियानित्सा. आता एवढं पाणी एकाएकी आलं कुठून, असं विचाराल, तर त्याचं उत्तर असं की ते एकाएकी आलेलंच नाही. या बाई आधी सहा गावं फिरून, सहा नावं लावून आलेल्या आहेत.

पहिल्यांदा ती उगवते क्रोएशियाच्या सीमेजवळ, तिथे तिला म्हणतात त्रबुहोवित्सा. थोडं वाहते न वाहते तोच जमिनीत गडप. पुढच्या खोऱ्यात वर येते तेव्हा नाव ओबर्ह, पुन्हा गडप, मग त्सेरक्नित्साच्या सखल मैदानात स्तरझेन, पुन्हा खाली, मग रानातल्या एका घळईत नैसर्गिक दगडी पुलांखालून वाहते ती राक, आणि राक एका गुहेत शिरते तर तिकडून पोस्तोयनाच्या प्रसिद्ध गुहेत शिरलेली पिव्का अंधारातच तिला येऊन मिळते. संगम, आणि तोही डोंगराच्या पोटात, काळोखात. तिथे ना घाट, ना देऊळ, ना पर्वणीची गर्दी. दोघी मिळून बाहेर पडतात त्या उनित्सा होऊन, प्लानिनाच्या मैदानात वळणं घेतात, तिथल्या भोकांतून पुन्हा पाताळात जातात, आणि मग वर्हनिकेला शेवटचं नाव घेऊन वर येतात. ज्या गावानं जेवढी पाहिली तेवढी आपली मानली आणि नाव ठेवून मोकळं झालं. त्यांचं तरी काय चुकलं? डोळ्यांदेखत गेलेली नदी डोंगरापलीकडे निघते, हे कुणी कुणाला शपथेवर सांगावं?

याचं मूळ आहे चुनखडीत. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, आणि ते आंबट पाणी चुनखडीच्या भेगांत शिरून हजारो वर्षं तिला विरघळवत राहतं. भेगेची फट होते, फटीचं भुयार, भुयाराची गुहा, आणि शेवटी असा दिवस येतो की वरच्या नदीला वरून वाहण्याचं कारणच उरत नाही. अशा भूप्रदेशाला जगभरातली भूगोलाची पुस्तकं कार्स्ट म्हणतात, ते नाव तिथल्याच क्रास नावाच्या पठारावरून पडलेलं. राहिला प्रश्न, हे पाणी तेच कशावरून? त्यासाठी 1970 च्या दशकात शास्त्रज्ञांनी मोठी नामी युक्ती केली. क्लबमॉस नावाची एक वनस्पती असते, तिचे बीजाणू पिठासारखे बारीक. ते वेगवेगळ्या रंगांत रंगवले, नदी जिथे जिथे बुडते तिथे तिथे एकेक रंग सोडला, आणि खाली झऱ्यांच्या तोंडाशी बारीक जाळ्या लावून बसले. कुठल्या जाळीत कुठला रंग आला हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की पाताळातल्या वाटांचा नकाशा तयार.

पण त्याच्याही जवळजवळ तीनशे वर्षं आधी एका माणसाला या पाण्याचं वेड लागलं होतं. यानेझ वायकार्ड वाल्वासोर त्याचं नाव, घरचा सरदार, गढी बाळगून असलेला. त्सेरक्नित्साचं मैदान आहे ना, तिथे पावसाळी दिवसांत पंचवीसेक चौरस किलोमीटरचं तळं भरतं आणि उन्हाळ्यात जमिनीतल्या भोकांतून पिऊन टाकल्यासारखं नाहीसं होतं. म्हणजे वर्षाच्या एका टोकाला लोक होडीतून जाळी टाकतात आणि दुसऱ्या टोकाला त्याच जागी विळा घेऊन गवत कापतात. वाल्वासोरनं ते भोक न् भोक पाहिलं, टिपणं काढली, लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून पाठवली, आणि 1687 साली त्या सोसायटीनं त्याला आपला सभासद करून घेतलं. धूमकेतूवाला हॅली माहीत असेल तुम्हाला, त्यानं तर या तळ्याचा चालता नमुना करून तिथल्या पंडितांना दाखवला. पुढे वाल्वासोरनं आपल्या मुलखाचा, त्या काळच्या कार्निओलाचा, साडेतीन हजार पानांचा ग्रंथ 1689 मध्ये छापला आणि त्या छपाईपायी गढी विकली, पुस्तकांचा संग्रह विकला, पार धुऊन निघाला. 1693 साली वारला तो दुसऱ्या एका नदीकाठच्या गावी, सावा नदीवरच्या क्रश्कोला, साध्या घरात. ग्रंथ लिहून कुणाचं भलं होत नाही असं आमचे वडीलधारे म्हणायचे, ते काही अगदीच खोटं नव्हतं.

तर त्या जाडजूड ग्रंथात वर्हनिकेच्या पोस्टमास्तरची गोष्ट आहे. गावाजवळ लिंटव्हर्न नावाचा एक झरा, आणि त्याची खोड अशी की तो सारखा वाहत नाही. शांत असतो असतो, आणि मधेच घळाघळा पाणी ओकतो, पुन्हा गप्प. गावकऱ्यांचं म्हणणं, आत डोंगरात ड्रॅगन राहतो, आणि बिळात पाणी साचून त्याची अडचण झाली की तो ते बाहेर ढकलतो. एकदा असंच पाणी उसळून आलं, आणि त्याबरोबर वीतभर लांबीचं, पालीच्या वळणाचं काहीतरी बाहेर पडलं. ते पोस्टमास्तरनं पाहिलं. झालं! ड्रॅगनचं पिल्लूच ते, आणि पिल्लू एवढं तर आई केवढी असेल, म्हणून गावात कुजबूज. वाल्वासोर चौकशीला गेला, सगळं ऐकून घेतलं, आणि लिहिलं असं की ड्रॅगनबिगन काही नाही, जमिनीखाली राहणारा हा कुठलातरी किडा आहे.

झऱ्याच्या खोडीचा उलगडा करायचा तर जत्रेत मिळणारा पितळेचा पेला आठवा. मधे वसुदेव उभा, डोक्यावर बाळकृष्ण. पेल्यात पाणी ओतत जावं, ते चढत चढत बाळाच्या पायाला लागलं रे लागलं की तळातून सगळं भडाभडा निघून जातं, एक थेंब राहत नाही. मूर्तीच्या आत वाकडी नळी असते, तिच्या बाकाच्या वर पाणी गेलं की वक्रनलिका सुरू होते आणि पेला कोरडा होईस्तोवर थांबत नाही. थबकत थबकत वाहणाऱ्या झऱ्यांच्या मागे डोंगरात अशीच एखादी पोकळी आणि अशीच वाकडी वाट असते, एवढंच. आमच्या घरी असा पेला होता, आणि त्यात पाणी ओतून ओतून आम्ही पोरांनी आजीच्या देव्हाऱ्यापुढचं अर्धं सारवण वाहून घालवलं होतं. ते राहू द्या.

पिल्लू मात्र खरं होतं. त्याचं शास्त्रीय नाव प्रोटिअस, ते 1768 साली पडलं. इंग्रजीत त्याला ओल्म म्हणतात. गुहेतल्या पाण्यात राहणारा हा उभयचर, बेडकाच्या दूरच्या गणगोतातला, लांबीला पंचवीस-तीस सेंटिमीटर, कातडी फिकट गुलाबी, पाय काडीसारखे, पुढच्यांना तीन बोटं आणि मागच्यांना दोन, मानेच्या दोन्ही बाजूंना लालभडक कल्ल्यांचे झुपके. अंड्यातून निघतो तेव्हा डोळ्यांचे ठिपके असतात, मोठा होता होता ते कातडीखाली बुजतात. अंधारात डोळे सांभाळायचे कशाला? वासावर, पाण्याच्या हालचालीवर त्याचं भागतं. बेडूक कसा लहानपणी कल्ले वागवतो आणि मोठेपणी टाकून देतो, तसं याचं नाही, हा मरेपर्यंत पोरच राहतो. आणि मरतो तरी केव्हा? सरासरी साठ-सत्तर वर्षं जगतो, शंभरीही गाठत असावा असा अभ्यासकांचा हिशेब आहे. अन्न नाही मिळालं तर वर्षानुवर्षं उपाशी राहतो, आपली चातुर्मास करणारी माणसंही त्याच्यापुढे हात जोडतील. बोस्निया-हर्झेगोव्हिनातल्या एका गुहेत पाणबुड्यांनी काही प्रोटिअसांवर खुणा करून नजर ठेवली, तर त्यातला एक सात वर्षं एकाच जागी सापडत राहिला. सात वर्षं! आमच्या पारावर बसणारे सुद्धा जेवायला उठून जायचे.

पोस्तोयनाच्या गुहेत 2016 च्या सुरुवातीला एका मादीनं काचेच्या टाकीत चौसष्ट अंडी घातली, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या आणि गुहेतली माणसं रात्रंदिवस पहाऱ्याला बसली. चारेक महिन्यांनी, मे संपता संपता, पहिलं पिल्लू बाहेर आलं. शेवटी निघाली बावीस. आणि त्यांना सगळ्यांनी म्हटलं काय, तर ड्रॅगनची पिल्लं. वाल्वासोरनं एवढी पायपीट करून सांगितलं होतं, ते फुकट.

ड्रॅगनचा विषय निघाला की तिथे ग्रीक पुराणातल्या जेसनची कथाही निघते. सोनेरी लोकर पळवून जेसन आणि त्याचे सोबती काळ्या समुद्रातून डॅन्यूबमध्ये शिरले, उलट्या प्रवाहानं सावा, मग ल्युब्लियानित्सा करत आले ते थेट उगमापाशी, आणि पुढे नदीच नाही! मग त्यांनी आपली नाव डोंगरावरून एड्रियाटिक समुद्रापर्यंत खांद्यावर वाहून नेली. वर्हनिकेच्या जागी रोमन काळात नाउपोर्तुस नावाचं गाव होतं, त्याच्या नावाचं मूळ प्लिनी नावाचा रोमन पंडित याच कथेत शोधतो. कथा राहू द्या, पण त्यातली अडचण खरी आहे: इटलीकडून डोंगर ओलांडून आलेला माल इथवर गाड्यांनी यायचा आणि इथे नावांत चढायचा, म्हणून तर नदीच्या वळणावर रोमनांनी वखारी बांधल्या.

याच नाउपोर्तुसात इसवी सन 14 मध्ये जे घडलं ते टॅसिटस या इतिहासकारानं लिहून ठेवलंय. सम्राट ऑगस्टस वारला होता, पॅनोनियातल्या फौजांत बंड पेटलं होतं, आणि रस्ते-पूल दुरुस्त करायला नाउपोर्तुसला धाडलेल्या तुकड्यांना ती खबर लागली. त्यांनी गाव लुटलं, आजूबाजूची खेडी लुटली, आणि मग त्यांचा राग वळला औफिदिएनुस रूफुस नावाच्या अधिकाऱ्यावर. हा साध्या शिपायापासून वर चढलेला, स्वतः हाल काढलेला, म्हणून दुसऱ्याकडून काम करून घेताना दुप्पट कडक. सासुरवास भोगलेली सासू कशी असते ते घराघरांत ठाऊक आहे. शिपायांनी त्याला गाडीतून ओढून काढलं, पाठीवर ओझी लादली, रांगेच्या पुढे घालून चालवलं आणि वर विचारत राहिले, की काय साहेब, एवढं ओझं घेऊन एवढं चालायला बरं वाटतंय ना?

अशी माणसं ये-जा करत राहिली आणि त्यांच्या वस्तू नदीत पडत राहिल्या. वर्हनिकेच्या पुढे दलदलीचं सपाट मैदान लागतं, नदीला उतारच नाही, ती इतकी संथ की तळाचा गाळ ढवळत नाही, आणि गाळात हवा जात नाही म्हणून लाकूडही कुजत नाही. तळातून आजवर दहा हजारांवर वस्तू निघाल्यात: तलवारी, भांडी, शिरस्त्राणं. आणि त्याच दलदलीत, वर्हनिकेजवळच्या स्तारे ग्मायने नावाच्या जागी, 2002 साली निघालं एक चाक. सुमारे 5,200 वर्षांपूर्वीचं. आसासकट मिळालेलं याहून जुनं लाकडी चाक जगात कुठे सापडलेलं नाही.

ते जरा जवळून पाहू. व्यास 72 सेंटिमीटर. ॲश नावाच्या झाडाच्या दोन फळ्या शेजारी शेजारी ठेवून त्यांत आडवे चर कोरलेत, त्या चरांत ओकच्या चार पट्ट्या ठोकून दोन्ही फळ्या सांधल्यात. ना आरे, ना धाव, लोखंड तर तेव्हा कुणी पाहिलंही नव्हतं. मधलं भोक गोल नाही, चौकोनी. त्यात ओकचा आस घालून लाकडी पाचरी मारल्यात. म्हणजे आपल्या बैलगाडीत आस जागेवर आणि चाक फिरतं, इथे आस चाकाबरोबर गरगर फिरणार. अशी गाडी सरळ वाटेवर ठीक, वळणावर मात्र एका बाजूचं चाक फरपटायचं, कारण दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरणार. आमच्या गावच्या सुतारानं हे पाहिलं असतं तर आधी नाक मुरडलं असतं, आणि मग त्या पट्ट्यांच्या सांध्यावरून अंगठा फिरवत बराच वेळ उकिडवा बसला असता. धातूची हत्यारं नुकती कुठे येत होती तेव्हाचा तो सांधा आहे.

रोमन गेले, पुढे शतकानुशतकं वर्हनिकेचं पोट नावांवर आणि गाड्यांवर चालत राहिलं. मग 1857 साली व्हिएन्नाहून त्रिएस्तेला जाणारी आगगाडी पुरी झाली आणि तिचे रूळ गेले वर्हनिकेला बाजूला टाकून. माल गेला, नावाडी गेले, गाडीवान गेले. त्या पडत्या काळात, 1876 साली, गावातल्या एका गरीब शिंप्याच्या घरी इवान त्सांकार जन्मला, तो स्लोव्हेनियाचा फार मोठा लेखक. घरात भाकरी नसताना आईकडे कॉफी मागून, तिनं कुठून कुठून करून आणल्यावर तिच्यावरच खेकसलो, ही बोचणी त्यानं लिहून ठेवली आहे. ज्याच्या घरी कॉफीला पैसा नव्हता त्याचं चित्र पुढे त्या देशानं छापलं ते कुठल्या नोटेवर, तर दहा हजारांच्या, तेव्हाच्या सगळ्यांत मोठ्या.

ल्युब्लियानित्साचं पात्र आता सरकारनं सांस्कृतिक वारसा म्हणून राखलंय, 2003 पासून. वाटेल त्यानं बुडी मारावी आणि सापडेल ते खिशात घालावं, असं चालत नाही. आणि चालू देऊही नये. 2008 साली गावाजवळ सिन्या गोरित्साच्या काठी पाणबुड्यांना तळाशी एक लाकडाचा तुकडा मिळाला, वीतभरसुद्धा नाही, यू नावाच्या झाडाचा, एका टोकाला निमुळता. चुलीत घालायच्या लायकीचा. त्याचं वय काढलं तर निघालं सुमारे चाळीस हजार वर्षं: शिकारीच्या भाल्याचं टोक. ते तासणारा आपल्याच जातीचा माणूस होता की निअँडरथल, यावर पंडितांचं अजून चाललेलंच आहे.