पेंढ्याच्या भिंतीचा गिलावा

लालबाग, परळ व गिरगाव येथील चाळींत राहणाऱ्या अनेक कुटुंबांचे कोकणात वडिलोपार्जित घर असते. गणपतीला गावी गेल्यावर पावसाने झोडपलेली भिंत प्रथम दृष्टीस पडते. लालबागेतील अशाच एका गृहस्थांनी गावच्या मातीच्या भिंतीस मोठ्या हौसेने सिमेंटचा गिलावा करविला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर प्रस्तुत लेखकाने तो पाहिला तेव्हा त्याचे पोपडे सुटले होते व आतील माती बोटाने उकरता येत होती. भिंतीत शिरलेल्या ओलीस बाहेर पडण्यास वाटच उरली नव्हती. मातीच्या भिंतीची ही गत, तर पेंढ्याच्या भिंतीचे काय होईल?

यंत्राने बांधलेल्या पेंढ्याच्या गाठी रचून घर बांधण्याची पद्धत अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. तेथे इमारती लाकूड दुर्मिळ होते. त्याच राज्यातील आर्थर गावी १९२८ साली गाठींनी बांधलेले प्रार्थनामंदिर आजही उभे आहे. परंतु तो प्रदेश कोरडा आहे. आपल्या कुलाब्यास वर्षाकाठी सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, व कोकणात त्याहूनही जास्त. म्हणून येथे उंच जोते व भिंतीपुढे किमान अडीच-तीन फूट आलेली वळचण यांवाचून अशी भिंत उभारूच नये.

दादर येथील उदाहरण

पेंढ्यावर माती कशी धरते हे पाहावयाचे असल्यास दादरच्या शिवाजी पार्कवरील दुर्गापूजेचे स्मरण करावे. बंगाली पद्धतीच्या मूर्तीत बांबूच्या सांगाड्यावर पेंढा सुतळीने आवळून बांधतात. त्यावर तूस मिसळलेली चिकणमाती दाबून बसवितात. ती वाळून तडे गेले की मऊ मातीचा दुसरा थर देतात व सांध्यांवर कापडाच्या पट्ट्या चिकटवितात. भिंतीच्या गिलाव्याचे तत्त्व हेच होय. मूर्ती मात्र विसर्जनासाठी असते, भिंत टिकण्यासाठी.

गिलाव्याची रीत

गाठी पूर्ण कोरड्या असाव्यात. ओलाव्याचे प्रमाण शेकडा १५ हून अधिक नसावे. कुबट वास येणारी किंवा आत हात घातल्यास दमट लागणारी गाठ बाजूस काढावी. बाहेर आलेल्या काड्या छाटून खड्डे पेंढा-मातीने भरावेत. लाकडी चौकट व गाठ यांच्या सांध्यावर गोणपाटाची पट्टी ताणून ठोकावी.

पहिला थर ताकाहून दाट अशा चिकणमातीच्या राड्याचा द्यावा. तो हाताने चोळून काड्यांत शिरवावा. नुसता वरून फासू नये.

दुसऱ्या थरासाठी चिकणमाती, वाळू व दोन ते चार इंच कापलेला पेंढा तुडवून आठवडाभर ओला ठेवून मुरवावा. हा थर सुमारे एक इंच जाड असावा. मिश्रणाचे प्रमाण प्रत्येक मातीस निराळे लागते. म्हणून आधी फूटभर जागेवर नमुना लावून वाळू द्यावा. तडे गेल्यास वाळू व पेंढा वाढवावा. भुगा पडल्यास चिकणमाती वाढवावी.

तिसरा थर चाळलेल्या मातीचा, शेण घालून, पातळ द्यावा. पावसाच्या माऱ्याच्या बाजूस एक भाग मुरलेला चुना व तीन भाग वाळू यांचा लेप देणे हितावह. तो उन्हापासून झाकून काही दिवस पाणी शिंपडीत ठेवावा. चुना डोळ्यांस व त्वचेस अपायकारक असल्याने काळजी घ्यावी. प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा द्यावा. गिलावा होईपर्यंत उघड्या पेंढ्याजवळ विडी वा दिवा नेऊ नये.

ग्रामसेवकांस सूचना

भाताची कापणी झाल्यावर, हिवाळ्यात हे काम घेणे सोयीचे. मृगापूर्वी भिंत आतपर्यंत सुकलीच पाहिजे. नव्या घराचे धाडस करण्याआधी अवजारांची एखादी लहान खोली बांधून दोन पावसाळे तिची परीक्षा घ्यावी.

मुंबईकर बंधूंनी गणपतीस गावी आल्यावर भिंतीवरून हात फिरवून तडे व ओल पाहावी आणि शिमग्यास येऊन लिंपणाची दुरुस्ती करावी. मातीचा गिलावा वर्षाकाठी थोडी सेवा मागतो. ती मिळाल्यास तो आतील पेंढा सांभाळतो.