परीक्षकाच्या खुर्चीत विद्यार्थी

वर्गमित्राला निबंध वाचायला दिला की ‘छान लिहिलंस’ एवढंच बहुधा पदरात पडतं. मैत्री सांभाळायची असते, शिवाय नेमकं कुठे बिनसलंय हे ओळखायला कोणी शिकवलेलं नसतं.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक ऑर्व्हिल चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ‘कॅलिब्रेटेड पीअर रिव्ह्यू’ ही संगणकप्रणाली उभी केली. मोठ्या वर्गात लेखन करून घ्यायचं तर तपासणार कोण, ही मूळची अडचण. इथे विद्यार्थी आधी आपला मजकूर जमा करतो. मग त्याच्यापुढे बऱ्यावाईट दर्जाचे तीन नमुने येतात. कुठला कसा, हे सांगितलेलं नसतं. ठरलेल्या प्रश्नांच्या आधारे त्यांना गुण द्यायचे आणि शिक्षकांच्या गुणांशी ते जुळतात का पाहायचं. या सरावानंतरच तीन सहाध्यायांचे लेख, नावं झाकून, हाती येतात. शेवटी त्याच कसोट्यांवर स्वतःचा लेख तपासायचा. मला ही शेवटची पायरी सर्वांत मोलाची वाटते. आपल्या मजकुरातली गाळलेली जागा आपलं मन परस्पर भरून टाकतं. दुसऱ्याच्या तीन लेखांत तसली भोकं पाहून आल्यावर तीच खुपू लागते.

याला पुष्टी देणारा प्रयोग अमेरिकेतल्याच यूटा राज्यात झाला. ब्रिगहॅम यंग विद्यापीठात इंग्रजी शिकणाऱ्या ९१ परभाषिक विद्यार्थ्यांपैकी काहींना फक्त अभिप्राय द्यायला, तर इतरांना फक्त मिळालेले अभिप्राय वापरायला शिकवलं. क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांनी २००९ मध्ये निष्कर्ष मांडले: देणाऱ्यांचं लेखन अधिक सुधारलं, आणि हा फरक भाषेत कच्च्या असलेल्यांत जास्त दिसला. म्हणजे ‘याला स्वतःला लिहिता येत नाही, हा काय दुसऱ्याचं तपासणार?’ ही शिक्षकांची ठरलेली शंका निम्मी तरी खोटी ठरते.

पिट्सबर्ग विद्यापीठात उभ्या राहिलेल्या, सहाध्यायांकडून लेख तपासून घेणाऱ्या ‘स्वॉर्ड’ प्रणालीत लेखकही मिळालेल्या शेऱ्याला गुण देई: उपयोगी पडला की नाही? त्यामुळे वरवरचा शेरा मारून सुटका होत नसे.

आपल्या वर्गात गुगल डॉक्सवर अशी तपासणी करून घ्यायची तर शिक्षकांनी मोजकेच प्रश्न द्यावेत. मुख्य मुद्दा कोणत्या वाक्यात आहे? कुठल्या परिच्छेदात तुम्ही अडखळलात, का? शुद्धलेखन शेवटी, नाहीतर मुलं ऱ्हस्व-दीर्घातच रमतात. नावं झाकायची असतील, तर मजकुराच्या प्रती शिक्षकांनीच स्वतःच्या खात्यातून वाटाव्यात आणि शेरे गुगल फॉर्मवर मागवावेत, कारण डॉक्सवर लॉगिन करून दिलेल्या शेऱ्याशेजारी देणाऱ्याचं नाव झळकतं.