४८०० की ५७६०? रंगीत प्रिंटरच्या खोक्यावरचा आकडा नेमका काय सांगतो?

कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेआधी रामटेकमधला एखादा फोटो स्टुडिओवाला रंगीत प्रिंटर घ्यायला नागपूरच्या सीताबर्डीवर गेला, की दोन खोकी समोर येतात. एकावर लिहिलेले असते ४८०० × १२०० डीपीआय, दुसऱ्यावर ५७६० × १४४०. दुसरा आकडा मोठा, तेव्हा गडमंदिराचा फोटो त्यावरच जास्त स्पष्ट येणार, असे वाटणे साहजिक आहे. पण तसे होईलच असे नाही.

डीपीआय म्हणजे काय?

‘डॉट्स पर इंच’, म्हणजे एका इंचात प्रिंटर शाईचे ठिपके किती ठिकाणी टाकू शकतो. पहिला आकडा हेड आडवे सरकते त्या दिशेचा, दुसरा कागद पुढे सरकतो त्या दिशेचा. हा ठिपका म्हणजे फोटोतला पिक्सेल नव्हे. सगळा गोंधळ इथेच होतो. मोबाइलच्या पडद्यावरचा एक पिक्सेल लाखो रंगांपैकी कोणताही दाखवतो. साध्या प्रिंटरकडे शाया मात्र चारच : सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. गडाच्या दगडी पायऱ्यांचा मातकट रंग कोणत्याच बाटलीत नसतो. वेगवेगळे ठिपके शेजारी-शेजारी टाकून, मध्ये कोरा कागद सोडून तो भासवावा लागतो. म्हणून एका पिक्सेलसाठी अनेक ठिपके खर्ची पडतात.

४८०० × १२०० म्हणजे एका चौरस इंचात ५७ लाख ६० हजार जागा. फोटो हातात धरून पाहताना इंचाला सुमारे ३०० पिक्सेलपलीकडचा बारकावा डोळ्याला सहसा दिसत नाही. ३०० × ३०० म्हणजे ९० हजार पिक्सेल. प्रत्येकाच्या वाट्याला ६४ जागा. ५७६० × १४४० मध्ये त्या ९२ होतात. पण इंचात ५७६० जागा म्हणजे दोन जागांतले अंतर जेमतेम ०.००४ मिलिमीटर. कागदावर पसरलेला थेंब त्याहून कितीतरी मोठा असतो. शेजारचे थेंब एकमेकांवरच चढतात, आणि वाढलेल्या आकड्याचा बराचसा फायदा कागदावरच विरतो.

मग फरक कशाने पडतो?

एप्सनच्या एल१३० आणि एल८०५ या दोन मॉडेलांचा कमाल आकडा एकच आहे : ५७६० × १४४०. पण एल१३० मध्ये चार शाया आणि सर्वांत लहान थेंब ३ पिकोलिटरचा. एल८०५ मध्ये फिकट सायन आणि फिकट मॅजेंटा धरून सहा शाया, थेंब १.५ पिकोलिटरचा. चेहरा किंवा आभाळ अशा हलक्या छटांत हा फरक दिसतो. खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरांत डीपीआयच असतो, आणि त्याच्या मागे-पुढे ‘अप टू’ किंवा ‘ऑप्टिमाइज्ड’ असा बारीक शब्द. तो कमाल आकडा फोटो पेपर आणि सर्वोच्च क्वालिटीच्या सेटिंगवरच मिळतो. साध्या ७५ जीएसएम कागदावर शाई पसरते, तिथे त्याला फारसा अर्थ नाही.

लेझर प्रिंटरचा ६०० डीपीआय या आकड्यांशेजारी ठेवून तुलना करू नये, त्याची पद्धतच वेगळी. सातबारा, अर्ज, आधारचा क्यूआर कोड यांसाठी तो पुरेसा असतो.

अनेकदा दोष प्रिंटरचा नसतोच. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसून साधारण १६०० × १२०० पिक्सेलचा होतो. ४ × ६ इंचात तो ठीक दिसतो; ए४ वर इंचाला जेमतेम १४० पिक्सेल उरतात, आणि मग महागडा प्रिंटरही काही करू शकत नाही. तोच १२ मेगापिक्सेलचा मूळ फोटो ए४ वर ३०० च्या वर जातो. यात्रेकरूने फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर तो आकसत नाही.

प्रिंटर घेण्याआधी पेनड्राइव्हमध्ये स्वतःचा एक फोटो न्यावा, त्यात चेहराही असावा आणि आभाळही. दुकानात वापरणार त्याच कागदावर तो छापून मागावा आणि शाईच्या बाटलीचा भाव त्याच वेळी विचारून घ्यावा.