'पानी' लिहिणारे पोर चुकत नाही

चिखलदरा तालुक्यात अनेक घरांत कोरकू बोलली जाते. ती मुंडा कुळातली भाषा, मराठीच्या कुळातली नव्हे. काही घरांत वऱ्हाडी. शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो. त्याआधी अक्षरओळख करून देतात त्या आई, ताई किंवा वस्तीत वर्ग घेणारे आपले कार्यकर्ते.

मराठी बोलतो तशीच लिहितो, हे अर्धेच खरे. वऱ्हाडातले पोर 'पानी', 'डोया' म्हणते आणि तसेच लिहिते. म्हणजे आवाज ओळखून अक्षर लावायचे काम त्याने चोख केले! त्यावर लाल रेघ मारली की ते लिहायलाच भिते. राहिले शुद्धलेखन. ते डोळ्याने आणि हाताने येते. 'फूल' दीर्घ, 'फुलाला' ऱ्हस्व, हे नुसत्या कानाला कसे कळावे?

म्हणून दोन्ही गोष्टी एकाच शब्दावर घ्याव्यात. आधी मुलाला त्याच्या बोलीत टाळ्या वाजवत 'पा-नी' म्हणू द्या, प्रत्येक तुकड्याला अक्षर लावू द्या. मग पुस्तकातला 'पाणी' दाखवा, 'ण'वर बोट ठेवा, शब्द झाकून लिहायला सांगा आणि उघडून त्यालाच ताडून पाहू द्या. दिवसाला तीन-चार शब्द पुरे.

कोरकू मुलासाठी अर्थ आधी. वस्तू हातात द्या, तिचे कोरकू नाव त्याच्याकडून शिका, मग मराठी शब्द सांगा. अर्थच माहीत नसलेल्या शब्दांचे श्रुतलेखन घेऊ नका.