खुब्याचा सांधा आणि कडेवरचे मूल

चाळीसगाव परिसरातील अनेक घरांत तान्ह्या बाळाला अंघोळीनंतर दुपट्यात गुंडाळताना त्याचे दोन्ही पाय सरळ जुळवून घट्ट बांधले जातात, कारण पाय मोकळे राहिले किंवा मूल लवकर कडेवर घेतले तर ते फेंगडे होते, अशी समजूत आहे. खुब्याच्या बाबतीत वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील ज्या खळग्यात बसतो, त्या उखळीचा बराचसा भाग जन्मतः कूर्चेचा, म्हणजे हाड होण्यापूर्वीच्या मऊ पदार्थाचा असतो आणि माथा आत नीट टेकून राहिला तरच तिला खोली येते. उखळी उथळ राहणे, माथा सरकणे किंवा पूर्ण निखळणे या साऱ्या अवस्थांना मिळून खुब्याचा विकासात्मक दोष म्हणतात. मांड्या फाकलेल्या आणि गुडघे दुमडलेले असताना, म्हणजे मूल कडेवर बसते त्याच स्थितीत, माथा उखळीत सुरक्षित राहतो. पाय ताणून बांधले की तो बाहेर सरकू पाहतो.

हा दोष काही विशिष्ट वंशांच्या रक्तातच असतो, हा गैरसमज आकड्यांवरून खरा वाटू शकतो. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात आफ्रिकी बालकांत हजारी 0.06, तर अमेरिकेतील मूलनिवासींत हजारी 76.1 असे प्रमाण नोंदले आहे. आनुवंशिकतेचा वाटा आहेच. परंतु या मूलनिवासींपैकी नव्हाहो लोकांत बाळाला पाय सरळ ठेवून लाकडी पाटीला बांधण्याची रीत होती आणि आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी मूल आईच्या पाठीवर पाय फाकून बसते, हेही त्या आकड्यांमागे आहे. जपानचा दाखला तर निर्णायक मानावा लागेल. तेथे 1975 च्या सुमारास बाळाचे पाय ताणून बांधू नयेत अशी देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि पूर्वी शेकडा 1.1 ते 3.5 असलेले खुबा निखळण्याचे प्रमाण 0.2 च्या आसपास उतरले. लोक तेच होते, बदलली ती बांधण्याची पद्धत. शिवाय सोनोग्राफीने प्रत्येक नवजात खुबा तपासला, तर पुढे काही आठवड्यांत आपोआप सुधारणारे अपक्व खुबेही मोजले जातात, म्हणून दोन प्रदेशांची तुलना करताना मोजणी कशी झाली हे आधी पाहावे लागते.

पायाळू मूल, म्हणजे पायांकडून जन्मलेले, भाग्याचे मानले जाते. पाठीत उसण भरली की त्याचा पाय लावून घेतात. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र गर्भात डोके वर असणे ही या दोषाची मोठी जोखीम आहे आणि प्रसूती सिझेरियनने झाली तरी अशा बाळाचा खुबा तपासणे आवश्यक ठरते. दर पाच रुग्णांत सुमारे चार मुली असतात, त्यामुळे पायाळू मुलीकडे विशेष लक्ष हवे.

बाळ रडत नाही म्हणून सांधा ठीक आहे, हा सर्वांत घातक समज होय, कारण निखळलेला खुबा या वयात दुखत नाही आणि पुष्कळदा मूल चालताना लंगडू लागल्यावरच दोष ध्यानात येतो. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जन्मजात दोषांच्या यादीत या दोषाचा समावेश असून, अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या पथकाकडे शंका बोलून दाखवता येते. पहिल्या सहा महिन्यांत निदान झाल्यास पाय दुमडून फाकलेले ठेवणाऱ्या पॅव्हलिक पट्ट्यांनी बहुतेक खुबे जागी बसतात. चालू लागल्यानंतर निदान झाल्यास प्लास्टर किंवा शस्त्रक्रिया करावी लागते.