उशिरा पोचणारा आवाज

कोपरला आवाज दोन मजल्यांवरून येतो. खालून मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरच्या लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या, वरून दिवा–वसई मार्गावरच्या मालगाड्या. आमचे घर स्थानकापासून फार लांब नाही. डोळे मिटून बसलो तरी कुठली गाडी कुठून कुठे चालली आहे हे मला सांगता येते, असा माझा कित्येक वर्षांचा समज होता. तो समज या मार्चमध्ये एका गेमिंग हेडसेटने मोडला.

हेडसेट माझ्या भाच्याचा. नोकरीसाठी बंगळुरूला जाताना तो इथेच ठेवून गेला. "मामा, तू वापर. गाणी ऐक, पिक्चर बघ, ताईला मीटिंगला दे. सगळ्याला चालतो." सगळ्याला चालतो, असा दावा खोक्यावरही होता. माझा व्यासंग जुन्या ध्वनिमुद्रिकांचा. ध्वनिशास्त्र मी वाचनालयातल्या पुस्तकांवर आणि बिघडलेल्या रेडिओंवर शिकलो, त्यामुळे असा दावा दिसला की तो तपासून पाहण्याची खोड आहे. दोन महिने तो हेडसेट घरातल्या प्रत्येक कामाला लावून पाहिला.

आधी हेडसेट 'गेमिंग'चा कशाने होतो ते पाहू. रंगीत दिवे सोडून द्या. मुख्य गोष्ट म्हणजे उशीर. पडद्यावर गोळी सुटल्यापासून ती कानात वाजेपर्यंत किती वेळ गेला? माझ्याकडच्या हेडसेटला दोन वाटा होत्या. एक ब्लूटूथची, दुसरी संगणकाला लावायच्या छोट्या डोंगलची. उशीर मोजायला महागडी उपकरणे लागत नाहीत. कळ दाबली की 'टिक' वाजेल अशी सोय संगणकावर केली, रेकॉर्डिंग चालू केलेला फोन कळफलकाजवळ ठेवला आणि हेडसेटची वाटी त्याला टेकवली. कळीचा खट आणि हेडसेटमधला टिक एकाच ध्वनिमुद्रणात येतात, त्यांच्यातले अंतर मोजायचे. वायरच्या हेडफोनला लागलेला वेळ त्यातून वजा केला. डोंगलवर चाळीसएक मिलिसेकंद उरले, ब्लूटूथवर दोनशेच्या आसपास.

आपल्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. म्हणजे चाळीस मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे आवाज १४ मीटरवरून आल्यासारखे, आणि दोनशेचा म्हणजे ७० मीटरवरून. लोकलचा डबा वीसेक मीटरचा. डोंगलवाला आवाज आपल्याच डब्यातल्या पलीकडच्या दारातून येतो, ब्लूटूथवाला तीन-साडेतीन डबे सोडून. खेळणाऱ्याला एवढ्या अंतरात शत्रू गाठतो.

गंमत म्हणजे या दोन्ही वाटा एकाच गल्लीतून जातात. २.४ गिगाहर्ट्झचा हा पट्टा आपल्याकडे २००५च्या जानेवारीत कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. आमच्या इमारतीतले प्रत्येक वायफाय तिथेच नांदते, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच गुरगुरतो. या गर्दीतून वाट काढायला ब्लूटूथ ७९ उपपट्ट्यांवर सेकंदाला १६०० उड्या मारते. उड्या मारण्याची कल्पना जुनी आहे. अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना ११ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेत तिचे पेटंट मिळाले होते. टॉर्पेडोला जाणारा रेडिओसंदेश शत्रूने अडवू नये म्हणून तो ८८ कंप्रतांवर फिरवायचा, पियानोच्या पट्ट्या असतात तेवढ्याच. उशीर मात्र उड्यांमुळे होत नाही. ब्लूटूथ आवाज आवळून पुड्या बांधते, आणि एखादी पुडी हरवली तर परत मागवता यावी म्हणून थोडा साठा हाताशी ठेवते. हा साठा म्हणजेच उशीर. डोंगल साठा फारसा ठेवत नाही. म्हणून त्याचा आवाज लवकर येतो आणि अडथळा आला की तुटतोही लवकर. माझा डोंगल संगणकाच्या मागे होता तेव्हा सारखा तुटायचा. छोटी वायर लावून टेबलावर आणला आणि प्रश्न मिटला.

आता कामे. सिनेमाला हा सगळा खटाटोप जवळजवळ निरर्थक आहे. बहुतेक प्लेअर ब्लूटूथचा उशीर ओळखून चित्रही तेवढेच मागे ठेवतात. शिवाय आपला मेंदू क्षमाशील आहे. प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार आवाज १२५ मिलिसेकंद मागे पडेपर्यंत सहसा कळत नाही, पण ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी खटकतो. निसर्गात आवाज प्रकाशाच्या पुढे कधी येतच नाही. मागे येतो याची मात्र आपल्याला सवय आहे. वानखेडेवर लांबच्या स्टँडमध्ये बसलेल्याला बॅट आधी दिसते, टक नंतर ऐकू येतो.

शेजारचा मुलगा तबला शिकतो. त्याला हेडसेट दिला तेव्हा माझा अंदाज चुकला. मला वाटले होते, दोनशे मिलिसेकंदांनी त्याची लय मोडेल. काही झाले नाही. लेहरा ऐकून नुसते वाजवायचे असेल तर तो किती उशिरा निघाला याने फरक पडत नाही. कानात येईल त्यावर हात पडतो, एवढेच. फरक पडला तो त्याने लेहरा आणि तबला संगणकात एकत्र मुद्रित केले तेव्हा. द्रुत तीनताल मिनिटाला ३०० मात्रांनी चालला तर एक मात्रा बरोबर दोनशे मिलिसेकंदांची होते. पोरगा समेवर बिनचूक येत होता आणि मुद्रणात दर वेळी एक मात्रा मागे पडत होता. त्याने दोन दिवस स्वतःला दोष दिला. डोंगल लावून दाखवला तेव्हा हसला. ऑनलाइन शिकवणीत मात्र डोंगलचाही उपयोग नाही. तिथला उशीर इंटरनेटचा असतो.

माझ्या स्वतःच्या कामाला, म्हणजे जुन्या रेकॉर्डी ऐकायला, हा हेडसेट आहे तसा वाईट. १९२५च्या आधीची मुद्रणे भोंग्यासमोर गाऊन केलेली. त्यांत अगदी खालचे आणि अगदी वरचे स्वर मुळातच नाहीत. गेमिंग हेडसेट नेमके तेच दोन भाग फुगवतो, कारण खेळात स्फोट खाली असतात आणि पावलांची करकर वर. बालगंधर्वांची जुनी तबकडी लावली की खालून मोटरची घरघर आणि वरून सुईची खरखर, गाणे मधे अडकलेले. आवाज चहूबाजूंनी फिरवणारी 'सराउंड'ची सोय बंद केली आणि दोन्ही टोके खाली आणली, तेव्हा कुठे ऐकवेनासा ऐकवण्याजोगा झाला.

मुलीच्या मीटिंगा हे सर्वांत बोधक प्रकरण. ब्लूटूथवर गाणे ऐकताना आवाज भरीव असतो. तुम्ही मायक्रोफोन चालू केलात की तोच हेडसेट टेलिफोन होतो. एकाच वाटेने दोन्हीकडची वाहतूक सुरू झाल्यावर जुन्या पद्धतीत आवाज साधारण ३४०० हर्ट्झपर्यंतच जातो, सुधारित पद्धतीत सातेक हजारांपर्यंत. 'स'चा सीत्कार बराचसा चार हजारांच्या वर असतो. 'सोडा' आणि 'फोडा' यांत फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा, आणि नेमका तोच गाळला जातो. मी बायकोला असे शब्द दुसऱ्या खोलीतून वाचायला सांगितले आणि लिहून घेतले. ब्लूटूथवर बऱ्याच चुका झाल्या, डोंगलवर कमी झाल्या. मुलीने तीच यादी डोंगलवर लिहिली तेव्हा तिची एकही चूक नव्हती. माझ्या होत्या. वयाचा फरक म्हणून मी ते सोडून दिले.

होळीला भाचा आला. खेळातला आवाज कुठून येतो हे ओळखण्याची परीक्षा राहिली होती. त्याने मला हेडसेट घालून डोळे मिटायला लावले. पावले वाजतील तिकडे बोट दाखवायचे. स्फोट, गाडीचे इंजिन यांची दिशा मी बरोबर सांगितली. पावले, काचेची किणकिण, काडतूस पडल्याचा आवाज मात्र मी सारखा डावीकडे सरकवत होतो.

"मामा, उजवीकडे आहे तो. तू डावीकडे काय दाखवतोयस?"

"तुझ्या हेडसेटची उजवी बाजू गेली आहे."

हे तपासणे सोपे होते. हेडसेट उलटा घातला, उजवी वाटी डाव्या कानावर. दोष यंत्राचा असता तर चूकही बाजू बदलून उजवीकडे गेली असती. ती डावीकडेच राहिली. भाच्याने मग स्वतः घातला. त्याला दोन्ही बाजू सारख्या होत्या.

दिशा आपल्याला दोन खुणांनी कळते, हे लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडले होते. खालच्या स्वरांसाठी मेंदू दोन कानांमधला वेळेचा फरक पाहतो, वरच्यांसाठी तीव्रतेचा, कारण वरच्या स्वरांना डोक्याची सावली पडते. माझी पहिली खूण शाबूत होती, दुसरी बिघडली होती. हे मी अनेकदा वाचले होते. स्वतःला लावून कधी पाहिले नव्हते.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी काढलेल्या आलेखात उजव्या कानाची रेघ चार हजार हर्ट्झपाशी खड्ड्यात गेली होती. आवाजाने झालेल्या हानीची ती ओळखीची जागा. डावीकडेही उतार होता, पण वयाला साजेसा. एकाच कानाचे म्हटल्यावर त्यांनी इतर कारणांच्या तपासण्या करून घेतल्या, त्या स्वच्छ निघाल्या. मग विचारले, "एकाच कानात काही लावायची सवय?"

होती. कोपर ते सीएसएमटी सव्वा तास, वर्षानुवर्षे. स्थानकांच्या घोषणा आणि शेजारच्यांचे बोलणे ऐकू यावे म्हणून डावा कान मोकळा, उजव्यात इअरफोन. मोकळ्या कानातून गाडीचा खडखडाट आत येणार, म्हणून आवाज पूर्ण वर. मी ते सावधपणाचे समजत होतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: प्रौढाने आठवड्याला ८० डेसिबल ४० तास, लहान मुलांसाठी ७५ डेसिबल. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला दहा, ८९ ला पाच, ९२ ला अडीच, ९५ ला सव्वा. मी ९५वर ऐकत असेन, तर सोमवारी सकाळी सीएसएमटीला उतरेपर्यंत माझा आठवड्याचा वाटा संपत होता, आणि संध्याकाळचा परतीचा प्रवास अजून बाकी असायचा. त्या कानाला आता 'सोडा' आणि 'फोडा' सारखेच. मुलीच्या ब्लूटूथची मीटिंग संपते, माझ्या उजव्या कानात ती चालूच राहणार.

या बाबतीत बंद वाट्यांच्या हेडसेटला एक गुण द्यायला हवा. बाहेरचा गोंगाट बराच अडतो, त्यामुळे आवाज कमी ठेवून भागते. पण तोच गुण घराबाहेर दोष होतो. कोपरला रूळ ओलांडणारी माणसे मी रोज पाहतो, काहींच्या कानांवर असल्याच वाट्या असतात. घरात बायकोला कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या नाहीत आणि डाळ करपली, तेवढ्यावर भागले. शिवाय वजन तीनशे ग्रॅमच्या पुढे, चष्म्याच्या काड्या रुततात, मे महिन्यात कान भिजून निघतात. पावसाळ्यात गाद्यांच्या कृत्रिम चामड्याचे पापुद्रे सुटले. कापडी गाद्या घातल्यावर उकाडा कमी झाला आणि बाहेरचा आवाज थोडा आत येऊ लागला, ते मला बरेच वाटले.

भाचा हेडसेट परत न्यायला तयार नव्हता. मुलीने डोंगलसकट तो मीटिंगांसाठी घेतला. माझ्यासाठी तिने आवाजाच्या चक्रीवर नेलपॉलिशचा ठिपका लावून दिला आहे. त्याच्या वर फिरवायचे नाही. पुढच्या मार्चमध्ये आलेख पुन्हा काढायचा आहे. रात्री वरच्या मार्गावरून मालगाडी जाते तेव्हा चाकांचा घुमार मला अजून वसईकडून येताना बरोबर कळतो. ब्रेकची किंकाळी मात्र दिव्याच्या बाजूला सरकते.