25 मीटरवरची नंबरप्लेट

रविवारी सकाळी साडेआठला पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर स्कूलव्हॅन ओळीनं उभ्या आहेत. आज शाळा नाही. मुलांना नेणाऱ्या काकांचे डोळे तपासून घ्यायचे म्हणून पालकांनीच त्यांना बोलावलं आहे. मुंबई–बंगळूरु महामार्गावरच्या कंटेनरांची घरघर इथवर ऐकू येते.

वॉचमन टेप धरतो. पहिल्या व्हॅनच्या नंबरप्लेटपासून 25 मीटर मोजून आम्ही डांबरावर खडूनं रेघ मारतो. हे अंतर कायद्यातलंच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांच्या नमुना 1 मध्ये अर्जदाराला आणि नमुना 1-अ मध्ये डॉक्टरला हाच प्रश्न आहे: दिवसाच्या चांगल्या उजेडात 25 मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का? चष्मा असेल तर तो लावून.

पहिला चालक पंचविशीतला. एकेक डोळा झाकून घडाघडा वाचतो. दुसरा ‘एमएच चौदा’पर्यंत नीट येतो आणि पुढच्या आकड्यांवर अडखळतो. आठाचे तीन होतात.

“चष्मा नाही का?” ऑप्टोमेट्रिस्ट मॅडम विचारतात.

“आहे की. घरी ठेवलाय. गाडीवर चष्मा घातला की पालक विचारतात, काकांना दिसतं ना नीट?”

जमलेल्या पालकांत कुणीच बोलत नाही.

तिसरे काका साठीच्या जवळचे. दोन्ही डोळे उघडे ठेवून अख्खा नंबर बरोबर सांगतात. मग मॅडम डावा डोळा झाकायला लावतात.

“आता सांगा.”

“पांढरं दिसतंय नुसतं.”

मॅडम बॅटरी घेऊन डोळ्यात पाहतात. “मोतीबिंदू आहे, काका. रात्री समोरच्या गाडीची लाइट फुटल्यासारखी दिसते का?”

काका मान हलवतात. लगेच दुसरा प्रश्न त्यांचाच येतो: “लायसन जाईल का, मॅडम? पोरीचं लग्न काढलंय.”

“ऑपरेशन करून घ्या. पुन्हा दिसायला लागेल. तोवर गाडी चालवू नका. वायसीएम रुग्णालयात डोळ्यांचा विभाग आहे, तिथे दाखवा.”

काकांच्या खिशात रिन्यू झालेलं लायसन आहे. त्यासाठी डॉक्टरांचा दाखलाही जोडला होता. काय तपासलं होतं, असं मी विचारते. “बीपी बघितलं आन् सही दिली,” काका सांगतात. त्यांच्या बोलण्यात तक्रार नाही. असंच असतं, अशी त्यांची समजूत आहे.

नियम कडक आहे, पण तो कागदावरच तपासला जातो. नमुना 1-अ वर नोंदणीकृत डॉक्टरची सही लागते, पण तो नेत्रतज्ज्ञच हवा असं बंधन नाही. व्यावसायिक वाहनांचं लायसन पूर्वी 3 वर्षांनी रिन्यू व्हायचं. 2019 च्या दुरुस्तीनंतर ते 5 वर्षं चालतं. खासगी गाडीसाठी तिशीच्या आत काढलेलं लायसन थेट चाळिशीपर्यंत चालतं, तेही चालकाच्या स्वतःच्या घोषणापत्रावर. मध्ये डोळ्यांबद्दल कुणी विचारत नाही. शारीरिकदृष्ट्या अयोग्य असताना गाडी चालवली, तर कलम 186 खाली पहिल्या वेळी 1000 रुपयांपर्यंत दंड आहे. पण दारू तपासायला पोलिसांच्या हाती यंत्र असतं, नजर तपासायला काहीच नसतं. ताशी 40 किलोमीटरनं जाणारी व्हॅन हे 25 मीटर सव्वादोन सेकंदांत पार करते. ब्रेक दाबायचा की नाही, हे तेवढ्यात ठरतं.

ऊन चढतं. मोतीबिंदूच्या काकांचा फेरा उद्यापासून त्यांचा पुतण्या करणार, असं तिथल्या तिथे ठरतं. एक आई ऑपरेशननंतरही काकांची जागा त्यांचीच राहील, असा शब्द देते.

टेप, खडू आणि उभी गाडी, एवढ्यावर ही पहिली चाचणी कोणत्याही सोसायटीत, शाळेत, चाकणच्या कोणत्याही कारखान्याच्या फाटकावर होते. ती दरवर्षी घ्या. दाखल्यावर सही करणाऱ्या डॉक्टरांनी नंबरप्लेट खरोखर वाचून घ्यावी. आणि पालकांनो, चष्मा लावलेला चालक दिसला तर शंका घेऊ नका. त्यानं डोळे तपासून घेतले आहेत. मुलांना त्याच्याच गाडीत बसवा.